पदवीचे तास कुणाचे

अर्धवेळ पदवीला नाव घातलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो पहाटे चारला उठण्याचा. सल्ला देणारा वाईट नसतो. त्याने तो कुठल्यातरी व्याख्यानात ऐकलेला असतो, आणि ज्या घरात पहाटेचे दोन तास खरोखरच रिकामे असतात तिथे तो चालतोही. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात मार्च-एप्रिलमध्ये तो कुणाला देऊन बघावा. मोहफुले पहाटे गळतात. उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली पोचले नाही, तर गुरे, रानातली जनावरे किंवा शेजारी यांतले कुणीतरी आधी पोचते. जी बाई बचत गटाचे हिशेब लिहिते, अंगणवाडीत काम करते आणि वर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिची त्या दिवसांतली पहाट आधीच मोहाला दिलेली असते. फुले वेचून आणायची, अंगणात वाळत घालायची, मग स्वयंपाक, मग अंगणवाडी. तिला पहाटे उठायला सांगणे म्हणजे ती आजवर झोपा काढत होती असे धरून चालणे.

नोकरी-धंदा आणि संसार सांभाळून वाणिज्याची किंवा व्यवस्थापनाची पदवी करणाऱ्यांच्या सोबतीने माझी बरीच वर्षे गेली. त्यांचे अर्ज भरून घेणे, स्वाध्याय वेळेत पाठवायला लावणे, राहिलेल्या विषयांच्या तारखा लक्षात ठेवणे हे माझ्या कामातच येते. कुणी किराणा दुकानात बसणारा, कुणी बँकेचा व्यवसाय प्रतिनिधी, कुणी वनखात्यातला, कुणी बचत गटांच्या ‘उमेद’ अभियानाच्या कामावर. या सगळ्यांकडे पाहून माझे एक मत पक्के झाले आहे. जो रोजच्या दिवसात अभ्यासाची जागा शोधत बसतो, तो बहुधा दुसऱ्या वर्षी पुस्तके बांधून माळ्यावर टाकतो. जो आधी वर्षाचा हिशेब मांडतो आणि हे तास आपण कुणाकडून घेत आहोत हे घरी-दारी उघड कबूल करतो, तो रखडत का होईना पार पडतो. बुद्धीचा वाटा यात लोक समजतात त्याहून कमी.

काम करणाऱ्यांसाठी शिक्षण ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात मजूर आणि शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. व्यवस्थापनाच्या बाबतीत मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेचे (स्थापना १९६५) नोकरदारांसाठीचे तीन वर्षांचे संध्याकाळचे अर्धवेळ अभ्यासक्रम प्रसिद्ध आहेत. पण त्या संध्याकाळच्या वर्गामागे एक आखणी आहे: कचेरी ठरल्या वेळी सुटते, वर्ग त्याच शहरात असतो आणि रात्री परतायला लोकल असते. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरांच्या पुढे, आलापल्लीच शंभराच्या आसपास, आणि तो रस्ता पावसाळ्यात कसा असतो हे एसटीच्या चालकाला विचारावे. तेव्हा इथल्या माणसाला पदवी घ्यायची तर ती टपालाने, नाहीतर मोबाइलवर. योग असा की देशातले पहिले मुक्त विद्यापीठ आमच्या शेजारच्या राज्यात, हैदराबादेत, १९८२ साली निघाले, आणि त्याच वर्षी चंद्रपुरातून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी पुढे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे इग्नूचे, पहिले कुलगुरू झाले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभे राहिले, राम ताकवलेंच्या हाताखाली, आणि वाणिज्याची मराठी पुस्तके घरपोच मिळू लागली. पुस्तक घरी पोचवण्याचा प्रश्न या मंडळींनी खरोखर सोडवला. ते वाचायला बसण्याचा प्रश्न ज्याचा त्याच्यावर राहिला, आणि तो किती मोठा आहे हे प्रवेश घेताना कुणी मोजत नाही.

मोजणे अवघड नाही. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे साधारण ३० तास. वाचन, स्वाध्याय, संपर्कसत्र सगळे त्यात आले. इग्नूची तीन वर्षांची बी.कॉम. १३२ श्रेयांकांची, म्हणजे ३,९६० तास. तीन वर्षांत उरकायची तर वर्षाला १,३२० तास, आठवड्याला पंचवीसच्या वर. एम.बी.ए. ११६ श्रेयांकांची, म्हणजे ३,४८० तास. दोन वर्षांत करायची तर आठवड्याला तेहतीस-चौतीस तास, म्हणजे दुसरी नोकरीच. त्यातही हे ३० तास अशा विद्यार्थ्याला धरून आहेत ज्याला पानावरची भाषा अडत नाही. आमच्याकडे घरात तेलुगू किंवा माडिया, शाळा मराठीतून आणि एम.बी.ए.चे पुस्तक इंग्रजीत. एकच प्रकरण दोनदा वाचावे लागते, पहिल्यांदा काय लिहिले आहे ते कळायला आणि दुसऱ्यांदा का लिहिले आहे ते कळायला. माहितीपत्रकात श्रेयांक छापलेले असतात, पण गुणाकार कुणी करत नाही, आणि मग पहिल्या सत्राचे निकाल लागले की माणूस स्वतःलाच मठ्ठ ठरवून मोकळा होतो.

त्याच माहितीपत्रकात कमाल मुदतही छापलेली असते. बी.कॉम.ला सहा वर्षे, एम.बी.ए.ला चार. सहा वर्षांनी भागले तर वर्षाला ६६० तास होतात, आठवड्याला तेराच्याही आत. ही मुदत लोक नापासांची सोय समजतात आणि तिच्याकडे बघायलाही लाजतात. माझ्या मते नोकरदारासाठी तीच खरी मुदत आहे, आणि किमान मुदत ज्याला दुसरे काही काम नाही त्याच्यासाठी. कमाल मुदत डोळ्यांसमोर ठेवून पहिल्याच दिवशी विषय वाटून घेतले तर त्यात हार मानल्यासारखे काही नाही. दुकानदार वर्षभराचा माल एकाच महिन्यात भरत नाही, आणि त्याबद्दल त्याला कुणी आळशी म्हणत नाही.

शिवाय आठवड्याची ही सरासरी इथे फसवी असते. वर्षाचे ५२ आठवडे सारखे नसतात. मार्च हा बँकेत, पंचायत समितीत आणि पतसंस्थेत वर्षअखेरीचा. त्याच सुमारास मिरचीच्या तोड्याला मजूर तेलंगणात गेलेले आणि गावात मोह. मे महिना तेंदूपानांचा. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, पण त्या दिवसांत घरातले लहानमोठे सगळे पहाटे जंगलात आणि दुपारी सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायला. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजणी. जून पेरणीचा, जुलै-ऑगस्टात रोवणी, नोव्हेंबर-डिसेंबरात कापणी, मळणी आणि कापसाची वेचणी. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा कधी, तर जून आणि डिसेंबरमध्ये. दिल्लीत बसून वेळापत्रक करणाऱ्याला रोवणी ठाऊक असावी अशी अपेक्षा नाही, पण ज्याने परीक्षा द्यायची त्याने तरी दोन्ही कॅलेंडरे शेजारी ठेवून बघावीत. असे बारा आठवडे वजा केले तर चाळीस उरतात. तीन वर्षांच्या हिशेबाने त्या चाळीस आठवड्यांत प्रत्येकी तेहतीस तास लागतात, सहा वर्षांच्या हिशेबाने साडेसोळा. पहिला आकडा इथे कुणालाच जमणारा नाही. दुसरा कष्टाचा आहे, पण माणसाच्या आवाक्यातला. आणि हे झाले सरळ वर्षाचे. २०२२ साली एप्रिलमध्ये प्राणहितेचा पुष्कर भरला, बारा वर्षांनी येणारा, बारा दिवसांचा. सिरोंच्यात ज्याचे दुकान, खानावळ किंवा गाडी आहे त्याला त्या दिवसांत पुस्तक हातात घ्यायला सांगण्यात अर्थ नव्हता. त्यानंतर तेंदू आला, आणि जुलैत गोदावरीला असा पूर आला की नदीकाठच्या गावांना घरे सोडावी लागली. त्या वर्षी ज्यांनी चारच विषय घेतले होते त्यांचे दोन सुटले. ज्यांनी सगळे घेतले होते त्यांचा एकही सुटला नाही, असेही माझ्या पाहण्यात आहे.

वर्षाचा हिशेब झाला तरी दुसरा प्रश्न उरतोच: उरलेले तास तरी कुणाचे? अभ्यासाचे पुस्तक उघडणारा माणूस मनात म्हणतो, मी माझा वेळ देतो आहे. हे अर्धेच खरे. दुकानात बसून पुस्तक वाचणाऱ्याच्या वाटची वजनेमापे भाऊ करतो. संपर्कसत्राला दोन दिवस बाहेरगावी गेलेल्या लिपिकाची टेबलावरची टपाले शेजारचा सहकारी बघतो. शिकणारी सून असेल तर चूल सासूकडे जाते. शिकणारा नवरा असेल तर काहीच कुठे जात नाही, कारण मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे आधीपासूनच बायकोकडे असते. फक्त संध्याकाळी तो घरात असून नसल्यासारखा होतो. पदवी एकाच्या नावावर निघते पण तिचे तास चार-पाच जणांनी भरलेले असतात. हे ज्याने बोलून दाखवले नाही त्याच्या घरी दुसऱ्या वर्षापासून कुरबूर सुरू होते, आणि ती अभ्यासाबद्दल कधीच नसते. भाजीत मीठ जास्त झाले, गॅस संपला, पुतणीच्या लग्नाला आला नाहीस, अशा वाटांनी ती येते. ज्यांचे निभावले त्यांनी फार काही केले नव्हते. अमुक दोन महिने मी कामाला नाही आणि त्या बदल्यात तेंदूच्या दिवसांत पुस्तकाला हात लावणार नाही, असे आधीच ठरवून सांगितले होते. ठरलेली गैरहजेरी घर सोसते. रोजची अर्धीमुर्धी हजेरी त्याला जास्त जड जाते.

यावर शहरातला वाचक म्हणेल, ही तर कुठल्याही पदवीची गोष्ट झाली, इतिहासात बी.ए. करणाऱ्यालाही हेच. नाही. धंद्याच्या पदवीला एक सवलत आहे, आणि ती न घेणारे फार. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याचे काम अभ्यासापासून दूर नेते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याचे काम हेच त्याचे पाठ्यपुस्तक असू शकते, आणि मग एकच तास दोन्हीकडे मोजता येतो. उदाहरण घ्यायचे तर ग्रामसभेच्या वहीचे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे राज्यातले नियम २०१४ साली आले, आणि जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. वनहक्क कायद्याखाली जिल्ह्यातल्याच मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक हक्क मिळवून आणि २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हाती घेऊन वाट दाखवलीच होती. लिलावात बोली लागली की कंत्राटदार अनामत भरतो. ती रक्कम रोकडवहीत जमेच्या बाजूला चढते, आणि ते बरोबरच आहे, पैसा आलेला असतो. पण बैठकीत शिल्लक वाचून दाखवली जाते तेव्हा ऐकणारे ती गावाची कमाई समजतात. हंगाम संपून पुडक्यांचा हिशेब होतो, अनामत परत करायची किंवा शेवटच्या हप्त्यात वळती करायची वेळ येते, आणि शिल्लक एकदम खाली येते. मग सुरू होते: पैसा गेला कुठे? कुणी काही खाल्लेले नसते. अनामत हे देणे असते, ती ताळेबंदात डाव्या बाजूला देण्यांच्या रकान्यात जायची, आणि वहीत मात्र ती मजुरीच्या आणि रॉयल्टीच्या पैशांच्या मांडीला मांडी लावून बसलेली असते. जमाखर्चाचा तक्ता वेगळा आणि उत्पन्न-खर्चाचे खाते वेगळे, हे बी.कॉम.च्या सुरुवातीच्या पुस्तकात असतेच. ते पुस्तकातून पाठ करणाऱ्याला आठवडा लागतो आणि परीक्षेत तो गोंधळतो. ज्याने त्या बैठकीत शिव्या खाल्ल्या आहेत त्याला ते एका बैठकीत कळते आणि विसरता येत नाही.

खेळत्या भांडवलाचेही तसेच. मजुराला पुडक्यांचे पैसे माल गावाबाहेर जायच्या आधी हवे असतात, कंत्राटदाराचा हप्ता मागून येतो, आणि मधल्या दिवसांची सोय कुणीतरी करावी लागते. किराणा दुकानदार पावसाळाभर उधारीवर मीठ-मिरची देतो आणि वसुली कापसाच्या पैशावर होते. उधारीचे सरासरी दिवस काढायचे सूत्र त्याच्या वहीवर चालवून बघितले की हे प्रकरण पुन्हा वाचायची गरज उरत नाही. स्वाध्यायांना असे विषय घेतले तर आठवड्याच्या साडेसोळा तासांतले चार-पाच तास कामातूनच वसूल होतात. त्याऐवजी बाजारातून तयार स्वाध्याय विकत आणून त्यातली कुठल्यातरी साबण कंपनीची उदाहरणे उतरवण्याची रीत पडली आहे. वेळ वाचावा म्हणून हे केले जाते, आणि परीक्षेच्या महिन्यात तोच वेळ व्याजासकट भरावा लागतो.

लांबवलेली पदवी पुरीच होत नाही, हा आक्षेप गंभीर आहे. सहा वर्षे हुरूप टिकत नाही, मधे लग्न होते, बदली होते, मूल होते, अभ्यासक्रम बदलतो, फेरनोंदणीचे पैसे भरावे लागतात. हे सगळे खरे आहे, आणि ज्याच्या पदोन्नतीला ठराविक तारखेच्या आत पदवी लागते त्याच्यापुढे सहा वर्षांचा पर्यायच नसतो. त्याने तीन वर्षांत करावी, पण मग तेवढे तास कुठून काढले ते आधीच लिहून काढावे: बिनपगारी रजा, जोडधंदा बंद, शेत बटईने. तिन्हींपैकी काहीच सोडायचे नसेल तर तीन वर्षांत होणार नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच सांगण्यात क्रूरपणा नाही. बाकीच्यांच्या बाबतीत माझा अनुभव उलट आहे. लोक मधेच सोडतात ते बहुतेक पहिल्या-दुसऱ्या वर्षी, सगळे विषय एकदम घेऊन त्यातले निम्मे राहिल्यावर. तो हुरूप लांबणीने जात नाही, निकालाने जातो. लांबणीला एक पथ्य मात्र हवेच, आणि ते पाळणारे थोडे. कुठलीही परीक्षा पूर्ण कोरी जाऊ द्यायची नाही. पूर असो, लग्न असो, एक विषय तरी द्यायचा. एकदा परीक्षा चुकली की पुढच्या वेळी पुस्तक शोधण्यापासून सुरुवात होते.

दुसरा आक्षेप बाजारातून येतो आणि तो मला जास्त आवडतो. सिरोंच्याच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्यांनी कुठली पदवी घेतली? तोंडी हिशेब, तेलुगू-मराठी दोन्हींत घासाघीस, आणि कुणाला किती उधार द्यायचे याची नजर. याला उत्तर असे की त्यांच्यासाठी पदवी नाहीच. ओळखीच्या माणसांत चालणारा व्यवहार नजरेवर चालतो. पण गोदावरी आणि प्राणहितेवर पूल झाल्यापासून माल कुठूनही येतो. ग्रामसभेला निविदा काढावी लागते, बँक कर्जाला तीन वर्षांचे ताळेबंद मागते, आणि करारनाम्यातल्या दंडाच्या कलमावर सही करणाऱ्याने ते वाचलेले असावे लागते. नजर अनोळखी माणसाच्या कागदावर चालत नाही. आज तो कागद वाचायला गडचिरोलीहून किंवा मंचेरियालहून कुणीतरी बोलावला जातो आणि त्याला त्याची टक्केवारी द्यावी लागते. कागद वाचणारा गावातलाच असावा, यासाठी पदवी. नावापुढे अक्षरे लागावीत यासाठी असेल तर सहा वर्षे फार महाग पडतात.

आता सगळे ऑनलाइन आहे, मग रडता कशाला, असेही विचारले जाते. ऑनलाइनने प्रवास वाचला, हे मान्य. पण प्रवास हा ३,९६० तासांतला लहानसा तुकडा होता, आणि रेंज गेली, वीज गेली की ध्वनिचित्रित व्याख्यान बंद पडते, छापील पुस्तक पडत नाही. यापेक्षा मला गोंडवाना विद्यापीठाची (स्थापना २०११) वाट आशेची वाटते. ‘विद्यापीठ आपल्या गावात’ या उपक्रमात त्यांनी संध्याकाळचे पदवीचे वर्ग गावातच नेले. वर्ग गावात आला की शिकणाऱ्याचे तास गावाला दिसतात, आणि दिसणाऱ्या तासांचा लोक मान ठेवतात. घरच्या कोपऱ्यात मोबाइलवर मान घालून बसलेला माणूस व्याख्यान ऐकतो आहे की क्रिकेट बघतो आहे, हे शेजाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

विद्यापीठे आपली परीक्षा तेंदूसाठी हलवतील, अशी वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पण निदान एक गोष्ट विद्यार्थ्याच्या हातात आहे, ती म्हणजे प्रकल्प अहवाल. तो बहुतेक जण सर्वात शेवटी, घाईघाईत, डिसेंबरात धानाच्या मळणीच्या वेळी लिहितात आणि त्यासाठी बाजारातल्या तयार तक्त्यांवर अवलंबून राहतात. तोच अहवाल मेमध्ये सुरू करावा. ज्या महिन्यात एक पानही वाचून होत नाही त्या महिन्यात फळीवर रोज पुडक्यांची मोजणी, मजुरीचे वाटप, कमी भरलेल्या पुडक्यांची कपात आणि गोणी भरण्याचा खर्च डोळ्यांसमोर चाललेला असतो. संध्याकाळी मोजणी संपल्यावर वहीच्या मागच्या पानावर त्या दिवसाचे चार आकडे उतरवून ठेवायला दहा मिनिटे लागतात. रोवणी उरकली आणि आलापल्लीचा रस्ता पावसाने चिखलात गेला की मग लिहायला वेळच वेळ असतो.